खसखस, मोहरी आणि शिवप्रकाशचे हरभरे

गंगाखेडात शिवप्रकाशला सगळे 'डॉक्टर' म्हणत, आणि ते ऐकलं की त्याच्या अंगाचा तिळपापड होई. कारण तो डॉक्टर नव्हता. होणार होता, व्हायलाच आला होता, पण झाला काही नव्हता. सकाळी ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवायची, दुपारची गाडी धरून परभणीला जायचं, तिथल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत पीएचडीची भट्टी लावायची आणि दिवेलागणीला परत यायचं. हे इतकी वर्षं चाललं होतं की स्टेशनवरचा चहावालाही विचारी, "काय डॉक्टरसाब, औंदा तरी?"

त्याचे वडील मन्मथअप्पा. धान्याच्या मोंढ्याच्या वाटेवर त्यांचं पूजेच्या सामानाचं दुकान. माणूस साधा, पण हौस दांडगी. पोराचं नाव पीएचडीला लागलं आणि यांनी लगेच नांदेडहून पितळी पाटी करून आणली: 'डॉ. शिवप्रकाश मन्मथअप्पा'. तेव्हापासून ती पाटी कपाटात जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली होती. बायको महेश्वरी दर दिवाळीला ती चिंचेनं घासायची आणि परत गुंडाळून ठेवायची. तोंडानं एक शब्द बोलायची नाही. अहो, बोलली असती तर परवडलं असतं.

आता हा त्या भट्टीत करतो काय, ते सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही. खताचं पोतं ज्या प्लास्टिकचं विणतात ते प्रोपिलीन नावाच्या वायूपासून होतं. प्रोपिलीन होतं प्रोपेनपासून, आणि प्रोपेन म्हणजे स्वयंपाकाच्या सिलेंडरात जे वायू असतात त्यातलाच एक. प्रोपेनमधून थोडा हायड्रोजन काढून घेतला की झालं. सांगायला सोपं, पण हायड्रोजन सुखासुखी सुटत नाही. वायू चांगला तापवावा लागतो आणि वाटेत प्लॅटिनम ठेवावं लागतं. ते स्वतः खर्ची पडत नाही, मुकादमासारखं दुसऱ्याकडून काम करून घेतं. पण भाव ऐकला तर चक्कर येईल. म्हणून पांढऱ्या ॲल्युमिनाच्या भुकटीवर त्याचे अगदी बारीक कण बसवतात. काम होतं ते कणाच्या वरच्या अंगावर. आतलं प्लॅटिनम नुसतं बसून खातं. म्हणजे कण जितका बारीक तितका पैसा वसूल. शिवप्रकाशचे गाइड किशनराव सर, त्यांचा तर हा जपच होता. गिरणीत बाया ओरडतात तसे ते ओरडत, "बारीक करा रे, अजून बारीक!"

आणि शिवप्रकाशचं नशीब असं फुटकं, की त्याचे कण बारीक राहतच नसत. भट्टीत गेले की एकमेकांच्या गळ्यात पडून गोळे व्हायचे. धुणं बदललं, वाळवणं बदललं, औषधं बदलली. हैदराबादच्या मोठ्या सूक्ष्मदर्शकातून फोटो आला की गोळे ते गोळेच. प्रयोगशाळेतली पोरं त्या फोटोंना 'सरांचे हरभरे' म्हणत. त्याच्या पाठीमागं म्हणत, पण भिंतींना कान असतात आणि शिवप्रकाशला तर चांगले दोन होते.

अशात वैष्णवी आली. सोनपेठकडच्या एका खेड्यातली, दिनकरराव नावाच्या शेतकऱ्याची पोरगी. हॉस्टेलला राहायची. पहिल्या दिवशी तिला तराजू कसा लावायचा ते शिवप्रकाशनंच शिकवलं. आणि या पोरीचा पहिला फोटो आला तो कसा? नुसती खसखस! पांढऱ्या भुकटीवर एकसारखे बारीक ठिपके, एकाला एक चिकटलेला नाही. किशनराव सरांनी तो फोटो मोठा करून केबिनमध्ये लावला. शिवप्रकाशचा एवढ्या वर्षांत एक फोटो तिथं लागला नव्हता. त्या भिंतीवर तोवर खतकंपनीचं कॅलेंडर होतं. त्याचीसुद्धा जागा गेली.

त्या दिवसापासून शिवप्रकाश जळायला लागला. उगीच गोड शब्द कशाला वापरायचे, जळायलाच लागला. तिचं हसणं त्याला सलायचं. तिचा डबा, तिचं धावत जिना चढणं, तिच्या बाटल्यांवरची नीटनेटकी लेबलं, सगळं सलायचं. आणि सगळ्यात जास्त सलायचं ते तिचं 'दादा' म्हणणं. बाकीची पोरं त्याला 'सर' म्हणत. ही मात्र पहिल्या दिवसापासून, "शिवदादा, हे बगा की", "शिवदादा, चहा घेता का?" त्याला वाटे, माझ्या हाताखाली शिकली आणि मला 'सर' म्हणायला हिची जीभ झिजते काय? घरी येऊन तो महेश्वरीपाशी कुरकुर करी.

"नशीब हाय तिचं. दुसरं काय न्हाई."

महेश्वरी भाकरी थापता थापता म्हणाली, "मंग तिला इचारा की, कसं करती म्हणून. तुमाला दादा म्हणती, सांगल."

शिवप्रकाशच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्या दिवशी तो ठेचा न खाताच उठला.

एक गोष्ट मात्र त्याला सुख द्यायची. वैष्णवीची खसखस दिसायला देखणी, पण तिच्यात दम नव्हता. नळीत घालून प्रोपेन सोडला की पहिला घंटाभर असं सपाट्यानं काम करायची की बघत राहावं. पण करता करता प्रोपेनचे तुकडेच पाडायची. हायड्रोजन काढायच्या ऐवजी रेणूच मोडायचा. वरून काजळी धरायची आणि दुपारपर्यंत थंड. शिवप्रकाश मुद्दाम तिच्या टेबलाशी जाऊन तोंड पाडून विचारी, "मेली का गं?" ती म्हणायची, "मेली, दादा." मग तो चुकचुकत आपल्या जागेवर येई आणि त्याला दिवसभर गार गार वाटे. सर मात्र म्हणायचे, "अजून बारीक कर. बारीक झाली की टिकंल."

मग तो दिवस आला. वैष्णवीनं भुकटीचा नवा घाण, भज्यांचा काढतात तसा, तयार करून भट्टीत ठेवला होता. आकडा पाचशे अंशांवर. दुपारची वेळ, बाकी कुणी नाही. शिवप्रकाशच्या उजव्या हातात चहाचा ग्लास होता.

"दादा, मी मेसला जाऊन येते. बँकेतबी काम हाय. भट्टीकडं जरा ध्यान ठेवता का?"

"जा की. मी हाय."

ती गेली, आणि शिवप्रकाश भट्टीसमोर उभा राहिला. त्याच्या घरी कपाळाचं भस्म घरीच करत. गोवऱ्या जाळायच्या, राख धुवायची, वस्त्रगाळ करायची, गोळे करून परत भाजायचे. मन्मथअप्पांचा एक नेम होता: आच जादा झाली की भस्म खडा धरतं. लहानपणी एकदा शिवप्रकाशनं हौसेनं जाळ वाढवला होता आणि सगळं भस्म कपाळाला टोचायला लागलं होतं. तेच त्याला आठवलं. डावा हात आपोआप वर गेला. पहिल्या बोटानं त्यानं वरचा बाण दाबला आणि दाबूनच धरला. आकडा सातशेवर गेला तेव्हा सोडला. भट्टी गुरगुरायला लागली. हा चहा प्यायला लागला. तो चहा त्याला जन्मात लागला नव्हता असा गोड लागला.

घंटाभरानं त्यानं आकडा परत पाचशेवर आणला. पण भट्टी काय त्याच्या बापाची चाकर? ती आपल्या चालीनं उतरायला लागली. इकडं याला घाम. वैष्णवी जिना चढून आली तेव्हा भट्टी अजून थोडी वरच होती.

"दादा, पाचशे वीस दावायलंय की."

"अगं, लाईट कमीजास्त व्हायलीय. उतरंल."

"बरं," ती म्हणाली, आणि त्याच्यासाठी मेसमधून आणलेला बेसनाचा लाडू तिनं कागदावर काढून दिला. त्यानं तो खाल्ला. तेवढं सांगायचं राहू नये.

दोन दिवसांनी ती भुकटी नळीत गेली. शिवप्रकाश त्या दिवशी मुद्दाम रजा टाकून सकाळच्या गाडीनं आला. तमाशा चुकायला नको. पहिल्या घंट्यात खरंच काम मंद निघालं. याच्या मनात लाडू फुटले. मग दुपार झाली. वैष्णवी यंत्राच्या पडद्यापुढून हलेना. काम मंद होतं, पण उतरत नव्हतं. आणि येत होतं ते जवळजवळ सगळं प्रोपिलीन. तुकडे नाहीत, काजळी नावाला. संध्याकाळ झाली तरी भुकटी आपली चालूच. किशनराव सरांना बोलावणं गेलं. ते चष्मा वर करून, खाली करून बघत राहिले आणि शेवटी म्हणाले, "वैष्णवे, पोरी, हे काय केलंस तू!"

करायला गेला गणपती आणि झाला मारुती, असं ऐकलं होतं. इथं करायला गेला राख आणि झालं सोनं, तेही दुसरीच्या पदरात. शिवप्रकाशला गाडीत बसायला जागा मिळाली तरी तो गंगाखेडपर्यंत उभाच होता.

पण गंमत पुढंच आहे. पहिला घाण सगळा नळीत संपला होता, फोटोला चिमूटभर उरला नव्हता. वैष्णवीनं दुसरा केला, पाचशेला भाजला. मेला. तिसरा केला. मेला. सरांच्या डोक्यात एकच: तो घाण जास्त बारीक झाला असणार. म्हणून त्यांनी तिला आच कमी करायला लावली. चारशे पन्नास. खसखस आणखी बारीक झाली आणि आणखी लवकर मेली. कण मोठे झाले होते म्हणून चाललं, हे अख्ख्या परभणीत एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो मूग गिळून बसला होता.

त्यानं चोरून आपली भुकटी सातशेला भाजून बघितली, बरं का. हरभऱ्यांचे फुटाणे झाले, बाकी काही नाही. मुळात खसखस असेल तरच आचेनं ती हवी तेवढी वाढते. खसखस करायची रीत वैष्णवीकडं. ती मागायची म्हणजे तिच्यापुढं नाक मुठीत धरायचं. मत्सर एवढा मोठा, की चोरीसुद्धा करू देईना.

एक दिवस वैष्णवीनंच त्याला गाठलं. डोळ्यांखाली काळं झालेलं.

"दादा, त्या दिवशी तुमी होता भट्टीपाशी. लाईट गेली होती का हो?"

"हो," शिवप्रकाश म्हणाला. "गेली होती की. घंटाभर."

का म्हणाला? सुटायला म्हणाला. आपल्याकडं काहीही बिघडलं की पहिला इल्जाम लाईटवर जातो. त्याला कुणी साक्ष मागत नाही. पण पोरीनं ते खरं धरलं. दुसऱ्या दिवसापासून भुकटी भट्टीत घातली की ती बरोबर मधेच मेन स्विच पाडायची, घड्याळ लावून घंटाभर अंधारात बसायची आणि परत चालू करायची. कधी विचारायची, "दादा, एकदम गेली होती का येरझाऱ्या घालत होती?" आणि हा बेइमान विचार केल्यासारखं करून सांगायचा, "मधी एकदा मिनिटभर आली होती बग." तीही तेवढंच करायची. पोरं त्या भुकटीला 'लोडशेडिंग मसाला' म्हणायला लागली. शिवप्रकाश हसला, पण हसू पूर्ण आलं नाही. मिनिटभर स्विच चालू करायला ती स्टुलावर चढली होती, आणि स्टूल डुगडुगत होतं.

सकाळची पूजाही त्याला जड जायला लागली. डाव्या तळहातावर इष्टलिंग घ्यायचं आणि नजर त्यावर लावून बसायचं, ही लहानपणापासूनची सवय. नजर लिंगावर लागायची आणि घसरून पहिल्या बोटावर यायची. त्या बोटाला लाडवाचा वास येतो असं त्याला वाटायचं. मन्मथअप्पा एकदा म्हणाले, "शिवा, तब्येत बरी न्हाई का? बोट कामून चोळायलास?" तो म्हणाला, थंडी हाय. बाहेर वैशाख होता.

मग वार्षिक तपासणी आली. बाहेरचे एक तज्ज्ञ आले होते, तात्याराव नावाचे. केबिनमध्ये सर, तात्याराव, वैष्णवी. शिवप्रकाश आपली पाळी येईपर्यंत दाराशी बसला होता. दार उघडंच होतं.

तात्यारावांनी तो एकच चांगला निकाल बघितला आणि कागद खाली ठेवला. "एकदाच आलाय. परत येत नाही. उत्साहात होतं असं कधीकधी पोरांचं."

सरांची मान खाली. "वैष्णवी, तू लिहून दे, आकडे चुकून पडले म्हणून. विषय मिटंल."

"आकडे चुकले न्हाईत सर."

"मग परत का येईनात?"

"ते मालूम न्हाई. पण मी खोटं लिहिलं न्हाई, आन् खोटं लिहिलं असं लिहूनबी देणार न्हाई." तिनं दाराकडं बोट केलं. "शिवदादांना इचारा. ते होते तिथं. लाईट गेली होती. ते खोटं बोलणार न्हाईत."

तिघांनी दाराकडं बघितलं. शिवप्रकाश उभा राहिला. त्याचं मन काय म्हणत होतं सांगू? मन म्हणत होतं, गप. एवढा एक मिनिट गप राहा. ही खोटी ठरली की भिंतीवर परत कॅलेंडर लागेल. एवढ्या वर्षांत त्याला काहीही इतकं हवंहवंसं वाटलं नव्हतं. आणि ती त्याच्याकडं बघत होती, सख्ख्या भावाकडं बघावं तशी.

"लाईट गेली नव्हती," तो म्हणाला.

वैष्णवीचा चेहरा पांढरा पडला.

"लाईट गेली नव्हती सर. मी भट्टी सातशेवर नेली होती. ती मेसला गेली तवा."

"सातशे?" सर म्हणाले. "कामून?"

"तिचं वाटोळं व्हावं म्हणून. जळायलो होतो सर तिच्यावर. दुसरं कारण न्हाई."

सरांनी जे तोंड सोडलं ते इथं लिहिण्याजोगं नाही. हलकट हा त्यातला सगळ्यात सौम्य शब्द. ते दमून बसले तेव्हा तात्याराव हळूच म्हणाले, "सातशेला कण वाढले असतील, किशनराव." सरांचं तोंड उघडंच राहिलं. मग दोघंही कागद ओढून बसले. अगदी बारीक कण म्हणजे नुसते कोपरे आणि कडा. तिथं रेणू अडकतो, फाटतो, काजळी होते. जरा मोठ्या कणाला सपाट अंग असतं. तिथं रेणू येतो, हायड्रोजन सोडतो आणि चालता होतो. आणि फारच मोठा झाला की प्लॅटिनम आतल्या आत फुकट. या भुकटीला खसखसही नको होती आणि हरभरेही नकोत. मोहरी हवी होती. दोन्ही म्हातारे पोरासारखे बोलायला लागले. शिवप्रकाश उभाच होता. त्याला बस म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

वैष्णवी त्याच्याजवळून बाहेर गेली.

पुढच्या आठवड्यात तिनं घाण सातशेला भाजला. चालला. परत केला, परत चालला. हैदराबादहून फोटो आला: एकसारखी मोहरी. खसखशीच्या शेजारी तो भिंतीवर लागला. शिवप्रकाशला सरांनी हाकललं नाही. हाकलावं असं त्यांना फार वाटत होतं, पण वैष्णवीनंच म्हणे अडवलं. अजून एक गोष्ट होती. शोधनिबंधात बारीक, मधले आणि मोठे अशा तिन्ही कणांचा हिशेब पाहिजे होता, आणि मोठे कण जिल्ह्यात एकाकडंच होते.

ती त्याच्या टेबलाशी आली. हातात लेबल लावलेली रिकामी बाटली.

"सर, तुमचा मोठ्या कणांचा नमुना मिळंल का?"

शिवप्रकाशला आधी कळलंच नाही, ती कुणाला हाक मारतेय. त्यानं मागं वळून बघितलं. मागं कुणी नव्हतं.

"घे की," तो म्हणाला आणि बाटली भरून दिली. निबंधात त्याचं नाव तिसरं लागलं, वाईट कशाला म्हणतात ते दाखवायला त्याचे हरभरे कामी आले. मन्मथअप्पांनी दुकानात पेढे वाटले. महेश्वरीनं पाटी काढून विचारलं, "लावायची का आता?" तो म्हणाला, राहू दे.

जळणं थांबलं का? छे. ती जिना धावत चढली की अजून सलतं. पण आता त्याला सलतं ते वेगळंच, आणि ते रोज दुपारी सलतं. भट्टी लागलेली असते. मेसची वेळ होते, सगळे निघून जातात. शिवप्रकाश आपल्या टेबलाशी चहाचा ग्लास घेऊन बसलेला असतो. वैष्णवी हॉस्टेलवरून बांधून आणलेला डबा काढते, डुगडुगतं स्टूल ओढून भट्टीच्या अगदी तोंडाशी बसते आणि त्या धगीत, घाम पुसत, आकड्यावरची नजर न काढता जेवते.

"सर, जेवलात का?" ती विचारते. आवाजात राग नसतो.

"जेवलो," तो म्हणतो.